आक्का रुसल्या की चहा सांगायचा

"निजाम, ह्या पोरीला सांग, मी लग्नाला येणार हाय, कवायतीला न्हाय."

हे वाक्य आक्का बोलल्या नाहीत, त्यांनी ते फेकलं. आमचं दुकान तीन मजली. आक्का दुसऱ्या मजल्यावर, आणि खाली पार्किंगमधल्या वॉचमननं खुर्चीवरून उठून सलाम ठोकला, यावरून आवाजाची कल्पना करा. त्याच क्षणी भिगवणजवळ हायवेला एका ट्रकवाल्यानं दचकून ब्रेक मारला असं मला नंतर कळलं. कुणाकडून कळलं ते विचारू नका.

काउंटरवर साड्यांचा ढीग होता. सगळ्यांचा रंग एक, काठ एक, पदर एक. रंगाचं नाव लॅव्हेंडर. आक्कांनी त्यातली एक चिमटीत धरून उचलली, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात तशी.

"आणि ह्यो रंग तरी कसला? जांभूळ न्हाय का वांगं न्हाय. जांभळं धुतल्यालं पाणी हाय ह्ये."

"आत्या, हळू बोल ना," नवरी मुलगी म्हणाली. प्रणाली तिचं नाव. निरवांगीच्या दत्तूआबांची थोरली लेक, पुण्यात कंपनीत नोकरीला. "सगळ्या आत्या, मावश्या, काकू, मामी, सगळ्या हीच नेसणार आहेत. वरून ड्रोन फिरणार आहे. किती छान दिसेल."

"ड्रोन म्हंजी ते उसावर फवारतंय ते?"

"शूटिंगचा गं."

"मंग मला वरनं कशाला बघायचं? खालनं बघा की. मी खालीच हाय."

काउंटरवरच्या पोरी तोंडाला हात लावून हसल्या. मी हसलो नाही. मी आक्कांच्या पायांकडे बघत होतो. इतक्या वर्षांच्या सवयीनं मला ठाऊक होतं, की आता हे पाय जिन्याकडे वळणार. आणि जुने दिवस असते तर एव्हाना कुणीतरी चहा सांगितला असता.

हे असं का, ते सांगतो. पण आधी मी कोण ते सांगायला हवं. मी निजाम तांबोळी. बारामतीत एका कापड दुकानात उभी हयात काढली. उभी म्हणतो, पण खरं तर बसून काढली. या अंकाच्या संपादकांनी मला बजावलंय, निजामभाई, अनुभव लिहा, थापा नकोत. मी म्हटलं, साड्या विकलेल्या माणसाकडून एवढी अपेक्षा करू नका. तरी जमेल तेवढं खरं लिहितो.

माझं काम बस्त्याचं. ज्यांच्याकडे हा प्रकार नाही त्यांच्यासाठी सांगतो, बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. पण बस्त्याला खरेदी म्हणणं म्हणजे कुस्तीला गळाभेट म्हणण्यासारखं आहे. दोन्हीकडची माणसं एकाच दिवशी, एकाच दुकानात यायची. नवरीचं कापड नवरदेवाकडच्यांनी घ्यायचं, नवरदेवाचं नवरीकडच्यांनी. गावाहून टेंपो भरून माणसं. त्यात म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, शाळा बुडवलेली पोरं, आणि गावातला एक जाणता माणूस, ज्याला कापडातलं ओ की ठो कळत नाही पण जो चढल्याशिवाय टेंपो हलत नाही. चपला दारातल्या पायरीवर काढायच्या आणि आत पांढऱ्या गादीवर येऊन बसायचं. पहिली साडी गावच्या देवीची. मग नवरीचा शालू. इथपर्यंत सोपं. मग मानपान.

मानपान म्हणजे नात्यातल्या प्रत्येक बाईला तिच्या नात्याच्या वजनाची साडी. मामीला चुलतीपेक्षा हलकी चालत नाही, चुलतीला आत्यापेक्षा भारी चालत नाही, आणि आत्या दोन असल्या तर अल्लाच वाली. हे वजन कुठं लिहिलेलं नसतं. ते बायकांच्या डोक्यात असतं आणि प्रत्येकीच्या डोक्यात निराळं. मी तांबोळी, पण बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांत कुठल्या घरात कुणाचा मान कितीला, हे मला त्यांच्या पोरांपेक्षा जास्त ठाऊक. एका घरात दोन भाऊ धाकट्या मावशीवरून हमरीतुमरीवर आले, तेव्हा निकाल द्यायला मला फोन आला होता. मी मावशीच्या बाजूनं दिला. तिला साडी घ्यावी लागणार होती ना.

साडी दाखवायची पण एक कला असते. गादीवर बसल्या बसल्या मी साडी अशी सोडायचो, की पदर बरोबर समोरच्या बाईच्या खांद्यावर जाऊन पडायचा. एकदा जोर जरा जास्त झाला. दार उघडं होतं. साडी रस्त्यावर गेली आणि बाजाराला चाललेल्या खिलारी बैलाच्या पाठीवर जाऊन बसली. बैलाचा मालक कासरा धरून दारात आला, म्हणाला, "शोभतीय. बांधून द्या." खोटं वाटत असेल तर बैलाला विचारा.

आता मुद्द्याचं. प्रत्येक बस्त्यात एक बाई रुसायची. साडी मनासारखी नाही, किंवा साडी मनासारखी आहे पण काढणारी जरा नाक मुरडून काढतेय, किंवा जावेच्या साडीकडे दोनदा बघितलं आणि आपल्या साडीकडे एकदाच. कारण काहीही असो, बाई उठायची आणि चपलांच्या पायरीवर जाऊन, रस्त्याकडे तोंड करून बसायची. तिथंच बस्ता थांबायचा. ती परत आल्याशिवाय पुढची घडी मोडायची नाही, असा रिवाज. मग तिचं जे माणूस असेल, भाऊ, दीर, भाचा, त्यानं उठून पायरीवर जायचं, तिच्या शेजारी बसायचं, तिला आत आणायचं. आणि ती आत आली की माझी पाळी.

माझ्या डाव्या मांडीखाली एक साडी दडवलेली असायची. बाई नाक पुसत समोर बसली की मी इकडं तिकडं बघायचो, आवाज खाली आणायचो आणि म्हणायचो, "बाई, ही दाखवायची नव्हती. एका मोठ्या घरी सांगून ठेवलीय. पण तुमच्यापुढं कुणाचं काय." आणि मांडी उचलायचो. साडी असायची रॅकमधलीच. पण मांडीखालून निघालेल्या साडीचं तेज निराळं. ऊब लागलेली असायची तिला. या एका मांडीवर मी मोडायला आलेली इतकी लग्नं सावरली, की सरकारनं या मांडीला पेन्शन द्यायला हवी होती.

तर आक्का. अनसूया त्यांचं नाव. माहेर निरवांगी, सासर इंदापूरजवळचं निमगाव. दत्तूआबांची मोठी बहीण. आई लवकर गेली म्हणून भावाला कडेवर घेऊन यांनीच वाढवला. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते दत्तूआबांच्याच लग्नाच्या बस्त्याला. आबा तेव्हा नुसते दत्तू होते. मिसरूड नुकतं फुटलेलं, नवरदेवानं गप्प बसायचं असतं म्हणून भिंतीला टेकून गप्प बसलेले. बायकांनी आक्कांसाठी मोरपिशी इरकल काढलं.

"असलं हाय माझ्याकडं," आक्का म्हणाल्या.

दुसरं काढलं. "ह्येचा काठ भिकार हाय."

तिसरं काढलं, चौथं काढलं. त्यावर एक चुलती पुटपुटली, "हिला आता चंद्रावरनं आणा." झालं. आक्का उठल्या आणि पायरीवर.

तेव्हा भिंतीला टेकलेला नवरदेव उठला. सगळं दुकान बघत राहिलं, कारण नवरदेवानं असं उठायचं नसतं. तो पायरीवर गेला, बहिणीच्या शेजारी बसला. तिच्या चपला उचलल्या, काखेत मारल्या आणि तसाच बसून राहिला. आता बाई अनवाणी जाणार कुठं? समोरचा चहावाला दोन कप घेऊन आला. दत्तूनं बशीत ओतून, फुंकून, आधी बहिणीच्या हातात दिला. बऱ्याच वेळानं दोघं आत आली. तिचं नाक लाल, ह्याच्या काखेत चपला. मी मांडी उचलली. आक्कांनी साडीवरून हात फिरवला, म्हणाल्या, "ही बरी हाय," आणि बस्ता पुढं सुरू झाला.

त्यानंतर त्या घरातलं जे जे लग्न आमच्याकडे आलं, त्या प्रत्येक बस्त्याला आक्का रुसल्या. इतकं ठरलेलं, की त्या पायरीकडे निघाल्या की आमचे मोठे शेठ गल्ल्यावरून हाक मारायचे, "चहा सांगा रे." कारण आता बराच वेळ काही हलणार नाही. बायका पोरांना पाजून घ्यायच्या, पुरुष तंबाखू मळायचे. आणि तोवर एकमेकींकडे चोरून बघणाऱ्या दोन्ही घरच्या बायका तेवढ्या वेळात बोलायला लागायच्या. बोलायच्या आक्कांबद्दलच. "अशाच हायत का हो त्या?" "पहिल्यापासनं." "आमची पण एक हाय अशीच." तिथनं एकमेकींचं माहेर निघायचं, दुखणी निघायची, ओळखीच्या ओळखी निघायच्या. सोयरीक कागदावर कधीही ठरो, ती जुळायची या चहाच्या वेळात, आणि आक्कांच्या रुसव्यावर.

पुढं मोठे शेठ गेले. धाकट्या शेठनी जुनं दुकान पाडून तिथं तीन मजली शोरूम उभं केलं. गादी गेली, काचेचे काउंटर आले, आणि मला मिळालं एक उंच गोल स्टूल. आता तुम्हीच सांगा, स्टुलावर बसलेल्या माणसानं मांडीखाली काय ठेवायचं? मी ती साडी ड्रॉवरमध्ये ठेवायला लागलो. पण ड्रॉवरमधून निघालेल्या साडीकडे बाई अशी बघते, जशी तिला दुकानदारानं सुट्ट्याऐवजी गोळी दिलीय. पायरीही गेली. तिथं उतार झाला, आपोआप उघडणारं काचेचं दार झालं, चपला घालूनच आत यायचं. मी धाकट्या शेठना म्हटलं, या दुकानात बाईला रुसायला जागाच ठेवली नाही तुम्ही. ते म्हणाले, "मामू, ट्रायल रूम आहेत की."

गिऱ्हाईक वाढलं, हे खरं. त्याबद्दल तक्रार करणारा मी कोण? पण टेंपो यायचे बंद झाले. तिघं-चौघं गाडीतून यायला लागले, हातात मोबाईल, मोबाईलमध्ये साडी आधीच पसंत केलेली. पूर्वी नव्या साडीतल्या बाईला दुसरी बाई विचारायची, "कुणी घेतली?" आता विचारतात, "कुठनं घेतली?" यात काय बदललं ते मला नीट सांगता येत नाही, पण जळोचीच्या दोन जावांची गोष्ट सांगतो.

या दोघी जुन्या दुकानात चालत यायच्या, एकमेकींचा हात धरून. एखादी साडी आवडली की म्हणायच्या, "मामू, ह्यातली जोडी द्या." रंगसुद्धा वेगळा चालायचा नाही. त्या रंगातली एकच उरली असेल तर दोघीही परत जायच्या. लांबून त्या कुणाला वेगळ्या ओळखू यायच्या नाहीत, त्यामुळं त्यांच्या सासूनं आयुष्यभर प्रत्येक शिवी दोघींना मिळून दिली. मग जळोची वाढली, रानांचे प्लॉट पडले. शेजारी शेजारी दोन बंगले झाले. एक दिवस थोरली गाडीतून आली, एकटी. म्हणाली, "मामू, तिच्याकडं नसंल असली दाखवा." मी दाखवली. आठवडा गेला नाही तर धाकटी आली. तेच म्हणाली. मी तिलाही दाखवली. मग हे चालूच राहिलं. दोघींना मिळून मी इतका माल विकला, की धाकट्या शेठनी माझा सत्कार करून मला शाल घातली. शाल दुकानातलीच होती, नंतर परत मागतील असं मला सारखं वाटत होतं.

एकदा थोरलीची खरेदी झाली, बिल झालं, पिशवी समोर आली, तरी बाई उठेना. म्हटलं, "काय राहिलं का बाई?"

ती म्हणाली, "न्हाय. ही नेसून दाखवू कुणाला, ते बघतीय."

मी थापाड्या माणूस. कुठल्याही बाईला कुठल्याही वेळी काय बोलायचं ते मला तयार असतं. त्या दिवशी मी नुसती पिशवी गाडीपर्यंत नेऊन दिली.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रणाली वेगळं काय मागत होती? सगळ्यांना सारखीच साडी. त्या जावांसारखीच. मलाही तसं वाटलं होतं. आणि पोरगी वाईट नाही हो. आक्का ओरडत होत्या तेव्हा ती माझ्याकडे वळून अगदी मनापासून म्हणाली, "मामू, आमच्या घरात प्रत्येक लग्नात साड्यांवरून भांडणं. मी लहानपणापासून बघतेय. सगळ्यांना एकच घेतली की कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही. वादच नको ना." तिचं खोटं नव्हतं. मानपानापायी मी सख्ख्या बहिणी वर्षानुवर्षं अबोला धरून बसलेल्या पाहिल्यात. पण त्या जावा एकमेकींकडे बघून साडी घ्यायच्या. इथं सगळ्या मिळून ड्रोनकडे बघणार होत्या. आणि आत्या, मावशी, मामी, काकू या सगळ्यांचं वजन एकच झालं, तर आक्कांनी त्या लग्नात स्वतःला कुठं शोधायचं?

तर आक्का जिन्याकडे वळल्या. उतरून खाली गेल्या, काचेचं दार आपोआप उघडलं, त्या बाहेर पडल्या आणि थांबल्या. पायरी शोधत होत्या. उतारावर बाई बसणार कशी? शेवटी वॉचमननं आपली प्लास्टिकची खुर्ची पुढं केली. आक्का बसल्या. तोंड रस्त्याकडे. पायात चपला.

आणि वर काही झालं नाही. म्हणजे खरंच काही झालं नाही. बस्ता थांबला नाही. प्रणालीची आई, शालनवहिनी, मोबाईलवर ब्लाऊजचे गळे बघत होत्या. प्रणाली कुणाला तरी व्हिडिओ कॉलवर तो जांभळा ढीग दाखवत होती. चहा कुणी सांगितला नाही. कोपऱ्यात चहाचं मशीन आहे, ज्याला हवा त्यानं बटण दाबून घ्यावा.

मी खाली गेलो. तळमजल्यावर पुरुषमाणसांसाठी सोफे टाकलेत. एका सोफ्यावर नवरदेवाचे आईवडील आणि मामा, पुण्याची माणसं, शांत बसलेली. समोरच्या सोफ्यावर दत्तूआबा, कानाला फोन. लॉन्सवाल्याशी बोलत होते, फुलं खरी पायजेत, प्लास्टिकची चालणार न्हायत. फोन ठेवल्यावर मी वाकून हळूच म्हटलं, "आबा, आक्का बाहेर बसल्यात."

"बसू द्या जरा. वर एसीनं डोकं धरलं आसंल."

"रुसून बसल्यात."

आबांनी काचेतून बाहेर पाहिलं. खुर्चीत पाठमोऱ्या आक्का दिसत होत्या. क्षणभर मला वाटलं, उठले. हात सोफ्याच्या दांडीवर टेकलासुद्धा होता.

"निजामभाई, तुमी बघा की," ते म्हणाले. "तुमाला जमतंय ते. तिला पायजे ती द्या, भारीतली द्या."

"साडीचं न्हाय हो आबा. तुमी दोन मिनिटं शेजारी जाऊन बसा. बास."

आबांनी डोळ्यांनी समोरचा सोफा दाखवला. आवाज आणखी खाली आणला. "व्याही बसल्यात. पयलीच गाठ हाय. त्यांच्याम्होरं मी आता चपला काखंत मारून रस्त्यावर बसू व्हय?" मग माझा चेहरा बघून म्हणाले, "लगीन एकदा हातावेगळं होऊ द्या. मग जातो की निमगावला निवांत. चार दिवस ऱ्हातो तिच्याकडं. तिला काय मी वळखत न्हाय का?" तेवढ्यात फोन वाजला. या बारीला मंडपातला लायटिंगवाला होता.

आबांना मी दोष देत नाही. वर पोरगी, समोर व्याही, कानाला लॉन्स. त्या माणसाच्या चेहऱ्यावर लग्नाचा आनंद मला शोधूनही सापडला नाही. पोटात ॲसिडिटीची गोळी आणि खिशात दुसरी तयार. बहीण रुसली हे त्यांना कळलं होतं, सगळ्यांत आधी कळलं होतं. त्यांना फक्त उठायला मोकळीक नव्हती.

मी वर गेलो, ड्रॉवर उघडला, अंजिरी रंगाचं एक अस्सल इरकल काढलं आणि सदऱ्याखाली लपवून बाहेर आलो. आक्कांच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसलो. गुडघ्यांनी जो आवाज केला तो बारामतीच्या स्टँडपर्यंत गेला असेल. इकडं तिकडं बघितलं. आवाज खाली आणला.

"आक्का, ही दाखवायची नव्हती..."

"मोठ्या घरी सांगून ठिवलीयास, व्हय?" आक्का रस्त्याकडेच बघत म्हणाल्या.

मी साडी सदऱ्याखालून काढून गुडघ्यावर ठेवली.

"निजाम, दत्तूच्या बस्त्याला तू मांडीखालनं काय काढलं हुतंस?"

"इरकल."

"मोरपिशी. मी आधी नगं म्हणून परत केल्यालं त्येच. माझं भांडान चाललं हुतं तवा तू ते गपकन मांडीखाली सारलंस. घडीसुदा उलटी घातली हुतीस. मला हात लावल्याबरुबर कळलं."

आयुष्यभर ज्या मांडीचा मी गर्व केला ती मांडी पहिल्याच दिवशी उघडी पडली होती, आणि एवढी वर्षं ही बाई प्रत्येक लग्नात माझ्याकडून तोच खेळ मुकाट्यानं खेळवून घेत होती.

"मग घेतलीत कशाला आक्का?"

त्यांनी मान वळवून काचेच्या दाराकडे बघितलं. दाराला वाटलं कुणीतरी येतंय, ते आपोआप उघडलं, आणि कुणी येत नाही म्हणून आपोआप मिटलं.

"दत्तू वर हाय का खाली?"

"खाली हायत. फोन चाललाय."

"सोयरं बसल्यात व्हय तितं?"

"हायत."

"मंग नगं," आक्का म्हणाल्या. "त्येला काय बोलू नगंस."

खुर्चीच्या हातांवर भार देऊन त्या उठल्या आणि आत गेल्या. व्याह्यांना हात जोडले, भावाकडे बघितलं नाही, जिना चढल्या. वर जाऊन म्हणाल्या, "दे गं पोरी, तुझी ती जांभळाच्या पाण्याची दे. ब्लाऊज कसला शिवायचा त्ये पण सांग, न्हायतर माझ्यामुळं तुझं ते शूटिंगचं इमान भलतीकडंच जायाचं." प्रणालीनं त्यांना मिठी मारली. शालनवहिनींनी हुश्श केलं. फोटो निघाला, त्यात आक्का हसत होत्या. धाकटे शेठ माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मामू, मस्त हँडल केलंत."

एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा बघितलं, रुसलेली बाई आपल्या आपण परत आली. कुणी आणायला गेलं नाही, आणि तिनंही वाट बघितली नाही. ती अंजिरी साडी मी परत ड्रॉवरमध्ये टाकली. त्यानंतर तो ड्रॉवर मी फारसा उघडला नाही.

लग्नाला मला आमंत्रण होतं, पण दिवस सिझनचे, दुकान सोडता आलं नाही. लग्नाचा व्हिडिओ मात्र आला. साड्या आमच्याकडच्या म्हणून धाकट्या शेठनी तो माझ्या काउंटरसमोरच्या मोठ्या टीव्हीवर लावून दिला. दिवसभर फिरत राहायचा. हायवेलगतचं ते लॉन्स, मधोमध नवरानवरी, आणि भोवती लॅव्हेंडर रंगाचं मोठं गोल रिंगण. वरून बघताना फार सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू. गिऱ्हाइकं थांबून बघायची, आम्हालाही असंच पायजे म्हणायची.

मी त्या रिंगणात आक्का शोधत होतो. लग्नाच्या गर्दीत नुसत्या पदरावरून कुठली बाई कुठल्या घरची, कुणाची कोण, हे सांगणारा मी माणूस. लोक माझ्यावर पैजा लावायचे. व्हिडिओ पुन्हा पुन्हा सुरू व्हायचा आणि मी पुन्हा पुन्हा शोधायचो. एकदा वाटलं ही. पुढच्या वेळी वाटलं ही नाही, पलीकडची. शेवटी टीव्हीकडे पाठ करून स्टूल फिरवून घेतलं.

त्याच वर्षी मी काम सोडलं. धाकट्या शेठनी परत एक शाल दिली. आता घरी माझ्याकडे शाली इतक्या झाल्यात, की मी दुकान टाकू शकेन.

मध्यंतरी सातबाऱ्याच्या कामासाठी इंदापूरला तहसील कचेरीत गेलो होतो. साहेब जेवायला गेलेले, म्हणून स्टँडवर येऊन बाकड्यावर बसलो, तर शेजारी आक्का. मांडीवर भाजीची पिशवी, निमगावच्या गाडीची वाट बघत होत्या. मी दोन चहा सांगितले. आक्कांनी बिनसाखरेचा मागितला, साखर निघालीय म्हणाल्या. गुडघ्यांबद्दल बोलल्या. नातवाच्या शाळेबद्दल बोलल्या. नवरानवरी परदेशात गेली, तिथं थंडी फार आहे, हेही सांगितलं. आबा कसे आहेत विचारलं तर म्हणाल्या, हाय की बरा, फोन आस्तो त्येचा.

गाडी लागली. त्या पिशवी उचलून उठल्या, तेव्हा मला राहवलं नाही.

"आक्का," मी म्हटलं, "मला काय येता आलं न्हाय. लगीन कसं झालं मग?"

आक्का गाडीच्या दाराची दांडी धरून वर चढल्या, मागं वळल्या.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "जेवान बरं हुतं."